मागच्या रांगेतले काका

पिकतं तिथं विकत नाही, याचा मी चालताबोलता पुरावा. चार वर्षं पीएच.डी.पायी उंदरांच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींपुढे डोळे फोडतेय, आणि घरी बाबांची साखर आभाळाला टेकलेली. डॉक्टरांनी लिहून दिलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये लिंबांशेजारी पडून. "मला सुई नको," एवढंच म्हणायचे. का, विचारलं की पेपरात तोंड खुपसायचे.

विद्यापीठाच्या खुल्या दिवशी गाइडबाईंनी मला लोकांसमोर मधुमेहावर बोलायला उभं केलं. खोकी उचलायला बाबा आले होते, ते मागच्या रांगेत बसले. मी स्पंजमध्ये सुई टोचून दाखवली, लोकांनी माना डोलावल्या. कुणाला काही विचारायचंय का, म्हटलं, तर मागून एक हात वर आला. तालमी करून करून जीभ इतकी वळलेली, की बघायच्या आत तोंडातून गेलं, "हो काका, विचारा."

हात बाबांचा होता. ते उभे राहिले, परक्या माणसासारखा घसा खाकरला.

"मॅडम, माझ्या थोरल्या भावाला सुई सुरू केली आणि तो वर्षभरात गेला. मग घ्यायची कशाला?"

एवढं मनात धरून बसला होता हा माणूस, आणि मी त्याला घरी आलेख दाखवत होते.

"काका, ते सुईनं नाही गेले. सुई त्यांच्यापर्यंत उशिरा पोचली, तोवर मूत्रपिंडं गेली होती. तुम्हाला अजून वेळ आहे." पुढचं पाठ केलेलं काही आठवेना. "माझे बाबाही घेत नाहीत. मला फार भीती वाटते, काका."

"बरं," म्हणून बाबा खाली बसले.

घरी येताना ते फक्त गाडी कुठं लावावी यावर बोलले. रात्री जेवणाआधी मात्र त्यांनी इन्सुलिनचा डबा स्वतःच टेबलावर आणून ठेवला. मी हात धुऊन आले.

"तू नको," बाबा म्हणाले. "दुपारच्या त्या मॅडमना बोलव. त्या नीट समजावून सांगतात."

आई तोंडाला पदर लावून हसत होती. मी आत जाऊन पांढरा कोट चढवून आले.

"बसा, काका."

बाबांनी शर्ट वर केला, डोळे गच्च मिटले आणि माझ्या कोटाचं टोक मुठीत धरलं. सुई निघाली तरी त्यांची मूठ सुटेना. मीही सोडवून घेतली नाही.