कानावर झुकलेली हॅट

मित्रांनो, या घराच्या दारामागे छत्रीच्या शेजारी जी गवती हॅट टांगलेली आहे ना, ती मी. माझा काठ एका बाजूने उसवला आहे आणि आतल्या पट्टीवर एक तपकिरी डाग आहे. त्या डागाची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

एका म्हाताऱ्या विणकरणीने नदीकाठच्या गवतातून मला सहा दिवसांत विणलं. अजूनही वारा आला की वाटतं, मी पाण्याकाठी उभी आहे आणि डुलते आहे. पुढे एका मोजणीदारांनी मला विकत घेतलं. घरात त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणते. तीन पायांवर दुर्बीण उभी करायची, एक डोळा मिटून लांबवर बघायचं आणि जमिनीचं माप लिहायचं, हे त्यांचं काम.

दुर्बीण उन्हात तापली की माप चुकतं. म्हणून बाबा मला डोक्यावरून काढून तिच्यावर ठेवत.

"अहो साहेब, कान भाजतायत तुमचे!" साखळी धरणारा गडी ओरडे.

"भाजू देत. दुर्बीण कचेरीची आहे, कान घरचे आहेत!"

अशी तीस वर्षं गेली. माझ्या विणीतून झिरपणारं ऊन दुर्बिणीवर चांदण्यांसारखं पडे, आणि त्या चांदण्यांकडे बघत मी सुखाने पेंगत असे.

बाबांची लेक मोठी झाली आणि तीही मोजणीलाच लागली. ती मात्र आजार मोजते. शहरात दरवर्षी किती जणांना त्वचेचा कर्करोग होतो, ते तिच्या कार्यालयात नोंदवतात. तिळासारख्या काळ्या डागातून झपाट्याने पसरणारा प्रकार वेगळा. हा दुसरा सावकाश वाढणारा, वेळेत काढला तर बहुधा बरा होणारा. बाबांच्या नाकावरचा आणि हातावरचा असाच काढला होता.

"पूर्वी लाखात वीस जण सापडायचे बाबा, आता साठ," एकदा जेवताना ती म्हणाली.

"अगं, तुमचीच मोजणी सुधारली असेल. आमच्याकडे नवी दुर्बीण आली तेव्हा टेकड्यासुद्धा वाढल्या होत्या!"

ती हसली. "थोडं तसंही आहे. माणसं जास्त जगतात, डॉक्टर जास्त बारकाईने बघतात. पण उरलेलं ऊनच आहे. आज लागलेलं ऊन तीस वर्षांनी वर येतं."

बाबांनी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवसापासून ते मला घरातही घालू लागले, डाव्या कानावर जरा झुकवून. लेक म्हणाली, "चला, उशिरा का होईना, शहाणपण आलं!" मला तर आभाळ ठेंगणं झालं. अखेर मी बाबांच्या डोक्यावर होते!

पण आतल्या पट्टीला ओल लागली, तेव्हा मला कळलं. कानाच्या मागे एक खपली होती, आणि ती भरून येत नव्हती. एकदा आरशासमोर बाबा स्वतःशीच पुटपुटले, "दिवसभर तेच मोजून येते पोर. घरी तरी तिला सुट्टी असू दे."

मला ओरडून सांगावंसं वाटे. पण मित्रांनो, गवताला तोंड कुठे असतं? मी झाकण्यासाठीच जन्मले होते. झाकत राहिले.

एका संध्याकाळी गच्चीवर वाऱ्याने मला उडवलं. लेक मला धरायला धावली, वळली, आणि बाबांचा कान बघून जागच्या जागी थांबली. तोवर दुखणं मानेत उतरलं होतं. वर्ष पुरं व्हायच्या आत बाबा गेले.

मग तिने कार्यालयात त्यांची नोंद उघडली. तिथे नियम असा, की या आजारात एक माणूस एकदाच मोजायचा. नाकावरचा डाग निघाला त्या वर्षीच बाबा मोजले गेले होते. कानाचा आकडा कुठेच धरता येईना. तक्त्यावरची रुग्णसंख्येची रेघ जागची हलली नाही.

घरी येऊन तिने मला मांडीवर घेतलं आणि डागावर बोट ठेवलं. "रेघ रोज बघत होते, बाबा," ती हळूच म्हणाली. "हात लांब करून एक हॅट तेवढी उचलली नाही."

आता ती मला घालते. निघताना तिची लेक दारात आडवी येते, मला वर उचलते, दोन्ही कान निरखून बघते आणि म्हणते, "पास! जा आता."

मित्रांनो, उन्हात जाताना डोकं जरूर झाका. आणि आपल्या माणसाने टोपी घातली, की नुसतं कौतुक करून थांबू नका. कधीतरी ती हळूच उचलून बघा.