तळहातावरचा वैरी

डॉक्टर पंचाक्षरी विलायतेहून आला तो माणसाच्या लक्षावर पदवी घेऊन. लक्ष म्हणजे माशी, ती एका जागी बसत नाही, हा त्याचा सिद्धांत. सोलापुरातल्या एका गिरणीच्या मालकाला तो फार आवडला. लक्ष उडणारच असेल तर दोन मागांवर कशाला, चार मागांवर उडू दे, असा त्याने अर्थ काढला आणि पंचाक्षरीला नोकरी दिली. विणकराच्या दोन डोळ्यांत चार माग कसे मावायचे, हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही. डॉक्टर मागाशेजारी घड्याळ घेऊन उभा राही आणि धागा तुटला की कळ दाबी. विणकर त्याला घड्याळ्या म्हणत, तोंडावर म्हणत. खडखडाटात त्याला ते ऐकू जात नसे.

अशा माणसाच्या घरातच माशी बसलेली निघाली.

त्याची बायको चन्नम्मा, अक्कलकोटकडची. सकाळी अंघोळ करून ती पाटावर बसे. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून आपलं इष्टलिंग काढी, डाव्या तळहातावर ठेवी, भस्म लावी, बेलाचं पान वाही आणि बघत राही. लिंगायताच्या घरात यात नवल काही नाही. त्याची आईही असंच करी. पण चन्नम्माची पापणी हलत नाही, हे एका सकाळी त्याला दिसलं. त्याने खिशातलं घड्याळ काढलं आणि परत ठेवून दिलं. मोजण्याआधीच तो जळायला लागला होता.

इतकी वर्षं परदेशात काढून तो आला, तर ही भाकरी वाढताना भाकरीकडे बघे, पाणी देताना तांब्याकडे. आणि त्या काळ्या, सुपारीएवढ्या वस्तूकडे जसं बघे, तसं लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हाही तिने त्याच्याकडे बघितलं नव्हतं. माणसाने माणसावर जळावं, निदान भांडता तरी येतं. हा जळत होता देवावर, आणि तोही स्वतः टाकून दिलेल्या देवावर. त्याचं लिंग त्याने जाताना बोटीवरून समुद्रात टाकलं होतं. गळ्यातली डबी मात्र ठेवली, कारण वडील रुद्रप्पा बिनलिंगाच्या माणसाच्या पंक्तीला बसले नसते, पोटचा असला तरी घराबाहेर काढलं असतं. रिकामी डबी हलकी लागते म्हणून त्याने तिच्यात आपल्या एका यंत्राची किल्ली घातली होती.

आधी त्याने तिच्या पाठीमागे तांब्या पाडला. ती वळली नाही. दुसऱ्या सकाळी, ज्या घरात कुठल्या नवऱ्याने बायकोचं नाव घेतलं नव्हतं, तिथे त्याने "चन्नम्मा" अशी खणखणीत हाक मारली. ती वळली नाही. तिसऱ्या सकाळी तो तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"अक्कलकोटहून तार आलीय. तुझी आई गेली."

बेलाचं पान थरथरलं. पण हा पापण्या बघत होता, आणि पापण्या हलल्या नाहीत. म्हणजे हिला ऐकूच जात नाही, त्याने ठरवलं. ही तंद्री. एक रोगच. त्याला बरं वाटलं. बहिऱ्या माणसाने आपल्याकडे बघितलं नाही याचा राग कशाला धरायचा.

तिने पूजा पुरी केली. लिंग कापडात गुंडाळलं, डबी मिटली.

"कवा गेली अव्वा?"

"तुला ऐकू आलं?"

"तुमी तांब्या पाडला त्ये बी आलं. काल नावानं हाक मारली ती तर शेजारच्या अंबुबाईंनी बी ऐकली. हसत हुत्या. अव्वा कवा गेली त्ये सांगा आदी."

"नाही गेली. तुझं लक्ष ढळतं का बघत होतो."

तिने पदराने डोळे पुसले, मग नाक पुसलं.

"मग वळली का नाहीस?" तो अजून तेच धरून होता.

"पूजा टाकून वळायचं व्हय? अव्वाला त्ये चाललं नसतं." तिने श्वास घेतला. "ऐकू तर समदंच येतंय की. तुमची डबी बी येती. लिंग कापडात असतंय, वाजत न्हाय. तुमचं वाजतंय. जिना चढताना, जेवताना, कूस बदलताना. आल्या दिवसापासनं ऐकतीय मी."

त्याचा हात आपसूक छातीवर गेला. "अप्पांना सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमचं ताट मामंजींच्या शेजारी वाडलं असतं व्हय मी?"

आणि तिने मान वर केली. ज्यासाठी त्याने तांब्या पाडला, नाव उच्चारलं, जिवंत सासू मारली, ती नजर आता त्याच्या तोंडावर होती. पापणी न हलणारी.

"बघतीय," ती म्हणाली. "लावा की घड्याळ."

पंचाक्षरीची नजर तांब्यावर गेली, मग भस्माच्या वाटीवर, मग तिच्या खांद्यावरून भिंतीवर. आतून रुद्रप्पांनी जेवायला हाक मारली.

तो लगेच वळला. डबी वाजली.