काठोकाठ भरलेला ग्लास

आमचे जावईबापू दिवसभर ऑफिसात कीबोर्ड बडवतात. एवढ्या भांडवलावर त्यांनी घरच्या घरी जेवणाचं टेबल करायला घेतलं. उचलली करवत, लावली लाकडाला.

मी चाळीस वर्षं सुतारकाम केलं. हात थरथरायला लागले म्हणून थांबलो, पण डोळे शाबूत आहेत. पहिल्या रविवारी लेकीकडे गेलो आणि ते टेबल पाहून हसू दाबावं लागलं. वर फळी, खाली चार पाय, आणि दोघांची सोयरीक जुळवायला स्क्रू. लाकूड ओलं, आत्ताच पीळ धरू लागलेलं. मी लेकीला ग्लास काठोकाठ भरून मधोमध ठेवायला लावला आणि कोपऱ्याला एक बोट टेकवलं. पाणी थेट जावईबापूंच्या मांडीवर.

"ज्या दिवशी थेंब सांडणार नाही, त्या दिवशी इथे जेवेन," असं सांगून मी चपला घातल्या.

लेकीचा चेहरा उतरला. तिची आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी चहा-पावावर दिवस ढकलतो, हे तिला खुपतं. रविवारी तरी बाबांनी सोबत बसून चार घास खावेत, एवढंच तिचं मागणं. पण असल्या टेबलावर जेवायचं म्हणजे माझ्या जन्माच्या कामावर पाणी ओतायचं.

दुसऱ्या रविवारी एका पायाखाली पुठ्ठा होता. मी ग्लाससुद्धा मागितला नाही. तिसऱ्या रविवारी बापूंनी जरा जास्तच पुरुषार्थ केला. एक पाय कापला, मग त्याच्या बरोबरीला दुसरा, मग उरलेले दोन. टेबल चार बोटं बुटकं झालं आणि डुलायचं तसंच डुलत राहिलं. पुढच्या महिन्यापर्यंत त्याचा पाट झाला असता.

"बाबा, काय चुकतंय ते तुम्हाला दिसतं," लेक म्हणाली. "सांगा ना यांना."

दिसत होतंच. पायांना एकमेकांशी बांधणाऱ्या आडव्या पट्ट्या नव्हत्या. पण फुकटची अक्कल कोणाला पचते? "ओलं लाकूड आणणाऱ्याला काय सांगायचं," मी म्हणालो. "आमच्या घरचं टेबल बघा म्हणावं. लग्नाच्या वर्षी केलंय. अजून थेंब सांडलेला नाही."

चौथ्या रविवारी ग्लास हलला नाही. बोट लावलं, मग तळवा, मग सगळा भार टाकला. काही नाही. मी वाकून खाली पाहिलं. चार पट्ट्या, पायांच्या खाचांत घट्ट बसवलेल्या, आणि चारही कोपऱ्यांत लाकडी आधार.

"कुणाकडून करून घेतलंत?" मी विचारलं.

"मीच केलं," बापू म्हणाले. "बुधवारी तुम्ही दवाखान्यात गेला होतात, तेव्हा आम्ही तुमचं टेबल उलटं करून पाहिलं."

"मग कळलं ना काम कशाला म्हणतात ते. नाहीतर तुमची ही पुठ्ठेगिरी."

लेक उठली. कपाटातून तिने कापडाची एक घडी आणून माझ्यासमोर ठेवली. चौकोनी, चारही बाजूंनी टाके घातलेली, पापडासारखी चपटी. तिच्या आईच्या साडीचा तो काठ मी लगेच ओळखला.

"तुमच्या टेबलाच्या भिंतीकडच्या पायाखाली होती," ती म्हणाली. "लग्नाच्या घाईत तुम्हीही ओलंच लाकूड वापरलं होतंत. ते पिळलं आणि तो पाय अधांतरी राहिला. घडी चपटी झाली की आई नवी शिवायची. मला शपथ घातली होती. बाबांना कळलं तर ते टेबल मोडून जाळतील आणि आपण जन्मभर जमिनीवर जेवू, म्हणायची."

चाळीस वर्षं मी त्या टेबलावर जेवलो आणि एकदाही वाकून पाहिलं नाही. स्वतःच्या कामाखाली कशाला बघायचं?

"आता तिथे काय आहे?" मी विचारलं.

"मी नवी शिवून ठेवलीय."

मी खुर्ची ओढून बसलो. लेकीने ताट वाढलं. पाणी प्यायला तो काठोकाठ भरलेला ग्लास उचलला. पाणी ताटात सांडलं, टेबलावर सांडलं, माझ्या मांडीवर आलं. टेबल जागचं हललं नव्हतं.

जावईबापूंनी फडकं आणून पुसलं, आणि लेकीने मला दुसरं ताट वाढलं.