देवकाबाईचा हात मी नेला नाही

मी करवत बोलतेय. सुताराची नव्हे, दवाखान्यातली. हाड कापायची. ऐकूनच तोंड वाकडं केलंत ना? करा, मला सवय आहे. पण आज माझं ऐकून घ्या. जिनिंगमधल्या देवकाबाईचा हात मी खाल्ला, असं आमच्या भागात अजून बोललं जातं. ते खोटं आहे, आणि खोटं बोलणाऱ्यांना ते ठाऊक आहे, याचा मला संताप येतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला सांगता येणार नाही. पोलादाची पट्टी होते, घासून दात पाडले, मूठ बसवली, मेणकागदात गुंडाळलं, एवढं आठवतं. १९७१ साली खोक्यातून वर्धा स्टेशनवर उतरले आणि तिथून गिरडच्या वाटेवरच्या एका गावातल्या सरकारी दवाखान्यात आले.

तिथे डॉक्टर सदाशिवराव होते. किडकिडीत, चष्मा सुतळीनं कानाला अडकवलेला. त्यांनी माझ्या दातांवरून अंगठा फिरवला आणि सुलोचनाबाई सिस्टरना म्हणाले, "चांगली आहे. पण कपाटातच राहिली तर बरं."

तीन वर्षांत मी एकदाच बाहेर निघाले. बैलगाडीच्या चाकाखाली पाय चेंगरून सडलेला एक माणूस होता. तो जगला. पुढे कुबडी घेऊन बाजाराला यायचा, सिस्टरना घरची वांगी द्यायचा. त्याला कोणी विचारलं नाही की तुझा पाय करवतीनं का खाल्ला.

मग १९७४ चा जानेवारी आला. कापसाचा हंगाम होता. जवळच्या जिनिंगमध्ये सकाळपासून सरकी काढायची यंत्रं, म्हणजे रेचे, चालायचे आणि बाया त्यांत कापूस घालायच्या. यंत्र फिरवणारा चामड्याचा रुंद पट्टा बायांच्या पाठीमागून जायचा. अगदी उघडा. त्याच्यावर साधा पत्रासुद्धा नव्हता.

त्या दिवशी दुपारी चार वाजता एक जीप दवाखान्याच्या दारात थांबली. मागे पोत्यावर देवकाबाई पडली होती. वय अठ्ठावीस, तोंड राखेसारखं. तिचं डोकं मांडीवर घेऊन रुख्माबाई बसली होती, तिच्याच शेजारच्या रेच्यावर काम करणारी.

"कधी लागलं?" डॉक्टरांनी नाडी धरत विचारलं.

"सकायी नऊ वाजता, साहेब. पदर पट्ट्यात गेला. सोडवाले गेली तं पंजाच ओढला."

"नऊ? आणि आत्ता आणता?"

रुख्माबाईनं जीपपुढे उभ्या असलेल्या मॅनेजर हरिदासकडे बघितलं. "शेठजी आल्याबिगर जीप नाई भेटत म्हने. शेठजी दोन वाजता आले. मंग कागद लिवला."

डॉक्टरांना कागदाचं कळेना. त्यांनी देवकाबाईचा डावा, चांगला हात उचलला. अंगठ्याला निळी शाई होती. उजवा पंजा चिंध्या होऊन लोंबत असताना डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला होता! कागदावर लिहिलं होतं की चूक माझीच होती, यंत्राची नाही. सात तासांत एवढं एकच काम तिथे कोणाला सुचलं.

आणि आणखी एक काम केलं होतं. कोपराच्या वर चार बोटांवर कापसाच्या गाठीची दोरी करकचून बांधली होती. रक्त थांबावं म्हणून बांधली, पण मग कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. दोरीखालचा हात निळा-काळा, थंडगार पडला होता.

डॉक्टरांनी टाचणी टोचली. देवकाबाईला काही कळलं नाही.

"सिस्टर, दोरी सोडू नका," ते पटकन म्हणाले. "सलाईन लावा, धनुर्वाताचं इंजेक्शन द्या. आणि रक्त लागेल."

व्हरांड्यात वीस-पंचवीस माणसं जमली होती. कोणी जिनिंगची, कोणी नुसतीच बघायला आलेली. डॉक्टरांनी बाहेर येऊन रक्त मागितलं आणि माझ्या डोळ्यांदेखत व्हरांडा रिकामा झाला. कोणाला बैल सोडायचे आठवले, कोणाची बस निघाली. हरिदास जीपमध्ये जाऊन बसला. उरले दोघं. देवकाबाईचा नवरा रूपराव, जो शेतातून धावत आला होता, आणि रुख्माबाई. रूपरावचा रक्तगट जुळला नाही. रुख्माबाईचा जुळला. ती बाकावर आडवी झाली आणि म्हणाली, "घ्या साहेब, लागन तेवढं घ्या."

डॉक्टरांनी रूपरावला बाजूला घेतलं.

"पंजा यंत्रानंच गेला होता. पण वरचा हात वाचला असता. दोरीनं सात तास त्याचं रक्त अडवलं, तो मेला. आता दोरी सोडली तर त्यातलं विष अंगभर जाईल. दोरीच्या वरून कापावं लागेल."

"डॉक्टरसाहेब, हात नोका कापू! हात नाई राह्यला तं ते जगून करन काय?"

"मुलं किती?"

"एक पोरगी. चार वर्साची."

"तिला आईचा हात पाहिजे की आई?"

रूपराव भिंतीला डोकं टेकून रडला. मग त्यानं सही केली.

सुलोचनाबाईंनी जाळीवर ईथरचे थेंब सोडले. डॉक्टरांनी आधी कातडी आणि मांस कापलं, मोठी रक्तवाहिनी दोन ठिकाणी बांधली, मज्जातंतू खाली ओढून कापला, हाडाचं टोक मऊ मांसात झाकलं जाईल एवढी जागा ठेवली. मग मला हातात घेतलं. माझं काम मिनिटभराचं होतं. मी एका मेलेल्या हाताला जिवंत बाईपासून वेगळं केलं. माझ्या सगळ्या अपराधाची हकीकत एवढीच आहे.

जखम त्यांनी लगेच शिवली नाही. आत घाण राहिली तर सडेल म्हणून उघडी ठेवली, रोज धुतली, पाचव्या दिवशी शिवली. देवकाबाई तिसऱ्या दिवशी शुद्धीत बोलली. पहिला शब्द होता, "पोरगी जेवली काय?"

ती वाचली. आणि गावात काय बोललं गेलं? "यंत्रानं बोटंच गेलती, डॉक्टरनं पुरा हात कापला." हे जिनिंगमधूनच पसरवलं गेलं. मालक ओमप्रकाश शेठनं वर अर्जही केला की डॉक्टर अडाणी आहे.

दोन महिन्यांनी चौकशीला एक अधिकारी आले. टेबलावर मला मांडलं गेलं. त्यांनी मला दोन बोटांत धरून उलटंसुलटं पाहिलं.

"याच करवतीनं कापला?"

"हो," डॉक्टर म्हणाले. "आणि हे माझं टिपण. किती वाजता आली, दोरी कुठे होती, अंगठ्याला शाई होती, सगळं आहे."

हरिदास पुढे झाला. "साहब, बाई खुदच पट्ट्यापाशी गेलती. तिचा अंगठा आहे कागदावर."

देवकाबाई कोपऱ्यात उभी होती. पदर उजव्या खांद्यावरून ओढून घेतलेला. ती एकदम बोलली.

"साहेब, ते करवत काऊन पाहून राह्यले तुमी? पट्टा पाह्यला काय जाऊन? आन अंगठा कवा घेतला ते इचारा. मी पानी मांगत होती, तं यायनं मले शाई लावली!"

अधिकाऱ्यांनी मला खाली ठेवलं. मला वाटलं, आता न्याय होणार.

नाही झाला. कागदावरचा अंगठा खरा ठरला. पट्ट्यावर पंधरा दिवस पत्रा होता, अधिकारी फोटो काढून गेले, मग तो पत्रा एका गोदामाच्या छपराला गेला. देवकाबाईला कामावर परत घेतलं नाही. पुढल्याच वर्षी सदाशिवरावांची बदली झाली. जाताना त्यांनी मला स्वतःच्या हातानं तेल लावलं.

पण देवकाबाई घरी बसली नाही. हंगाम सुरू झाला की ती जिनिंगच्या फाटकाशी उभी राहायची. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवायची. "पदर खोच व माय, कमरेले घट्ट खोच. कोनाले लागलं तं दोरी नोको बांधजो, फडकं दाबून धरजो, हात वर ठेवजो. शेठची वाट नोको पाहजो. आन अंगठा? मेली तरी नोको देजो." हरिदासनं तिला दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा बायांनीच हरिदासला घेरलं.

१९८१ साली सीताबाई नावाची बाई आली. पट्टा तोच, तसाच उघडा. पण ती अर्ध्या तासात आली, रुख्माबाईनं रस्त्यावरचा ट्रक अडवून आणली होती. हाताला घट्ट दाबून फडकं बांधलेलं. नव्या डॉक्टरांनी मला उकळून बाजूच्या ट्रेमध्ये तयार ठेवलं. दोन तास त्यांनी जखम धुतली, मेलेलं मांस काढलं, हाडात तारा घातल्या. मी ट्रेमध्ये वाट बघत पडले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटत होतं की मला कोणी हात लावू नये. शेवटी सुलोचनाबाईंनी मला तशीच, कोरडी, कपाटात परत ठेवली. सीताबाईची दोन बोटं गेली. हात राहिला.

आता १९८८ आहे. सुलोचनाबाई निवृत्त झाल्या. माझ्या मुठीपाशी तांबेरा धरलाय. जिनिंगचा भोंगा मला इथं कपाटात ऐकू येतो, आणि प्रत्येक भोंग्याला माझा जीव दाताशी येतो.

तुम्ही मला कसाई म्हणता, म्हणा. पण एकदा उठून त्या पट्ट्यापाशी जा. चार खिळे ठोका, एक पत्रा बसवा. जीपची चावी मालकाच्या खिशात ठेवू नका. एवढं केलंत तर माझी कोणाला गरज पडणार नाही. मला गंजू द्या.