जिच्यामागे कोणी नाही

देवयानीच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं, त्याच्या चौथ्या दिवशी मायाक्का प्रदर्शनात आली. दारातल्या वहीत नाव लिहा म्हणणाऱ्या माणसाला तिने हाताने बाजूला सारलं आणि एकेक भिंत बघत थेट आपल्या चेहऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

देवयानी तिथेच होती. जुळे सोलापुरातल्या शाळेत ती इंग्रजी शिकवायची आणि शाळा सुटली की स्कूटी काढून प्रदर्शनात यायची. लोक फोटोबद्दल विचारायचे, तिला सांगायला आवडायचं. पंच्याऐंशीची लेन्स, एफ एक पॉइंट दोन. पूर्ण उघडली की पापणीचा केस न् केस धारदार येतो आणि कानापासून मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं. या लेन्सपायी तिने घरच्यांची वर्षभर बोलणी खाल्ली होती. पहिल्याच महिन्यात, सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात, तिला ही बाई दिसली होती. सुरकुतलेला चेहरा आणि डाव्या डोळ्यातून ओघळणारं पाणी. देवयानी दहा-बारा फुटांवर होती. बाईला कळलंही नव्हतं.

फोटोखालच्या कार्डावर लिहिलं होतं : ‘निराधार. जिच्यामागे कोणी नाही.’

“ह्ये कुनी लिवलं?” मायाक्काने विचारलं.

देवयानीने तिला ओळखलं आणि तिला आनंदच झाला. “मावशी, तुम्ही! हा फोटो मीच काढला. बक्षीस मिळालंय त्याला.”

“म्या इचारलं, लिवलं कुनी?”

“मीच.”

“तुला कुनी सांगितलं माज्यामागं कुनी न्हाय म्हनून? माझ्या कपाळाचं कुंकू लख्ख दिसतंय की ह्यात. डोळं फुटलं व्हतं का तुजं?”

सभागृहातली माणसं वळून बघायला लागली. प्रदर्शन भरवणाऱ्या फोटोग्राफी क्लबचे अध्यक्ष कमलाकर लगबगीने आले. शुक्रवार पेठेत त्यांचा चाळीस वर्षांचा स्टुडिओ, आणि देवयानीला पोर्ट्रेट शिकवलं ते त्यांनीच.

“बाई, हळू बोला,” ते म्हणाले. “रस्त्यावर, बाजारात काढलेल्या फोटोला कोणाची परवानगी लागत नाही. ही कला आहे.”

“आसं? मग तुमच्या बायकूचा काढा की बाजारात. खाली ‘इधवा’ लिवा आनि लावा भित्ताडाला. कला म्हनून.”

कमलाकरांचा चेहरा पडला. मायाक्काने दाराकडे हात केला. तिथे डोक्याला पटका बांधलेला एक उंच माणूस उभा होता, आत यावं की नाही अशा विचारात.

“त्यो माझा मालक, धनाजी. जित्ता हाय.” मग तिने फोटोतल्या स्वतःच्या कानामागे बोट टेकवलं. तिथे मातकट रंगाचा एक फराटा होता. “आनि ह्योबी त्योच. माझ्या पाठीशी हुबा व्हता. सव्वाशे मेंढरं व्हती. कुटं घातलीस समदी?”

तो माणूस देवयानीला त्या दिवशी दिसला होता. फ्रेममध्ये नको म्हणून ती दोन पावलं डावीकडे सरकली होती, पटका चेहऱ्याआड जाईपर्यंत. तेवढं करूनही खांदा राहिला होता, तो लेन्सने पुसला.

“पेपरात आला ह्यो फोटू,” मायाक्का म्हणाली. “माझ्या सोनमची सोयरीक जमत आली व्हती. पोराच्या बापानं, सिद्धनाथनं, निरोप धाडला, मायाक्का सोलापुरात भीक मागती व्हय? नवरा टाकून गेला व्हय? भावकीत समद्यांच्या मोबाइलवर फिरतोय. येत्या आयतवारी सोयरे येत्यात. तू यायचं, आनि तुज्या तोंडानं सांगायचं.”

“मी कुठेही येणार नाही,” देवयानी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “मी काही वाईट केलेलं नाही. तुमचा चेहरा हजारो लोकांनी पाहिला, कौतुक केलं. हवं तर एक प्रत फ्रेम करून देते.”

मायाक्काने भिंतीवरची फ्रेम दोन्ही हातांनी धरली. देवयानीने दुसरी बाजू पकडली. क्षणभर दोघी ओढत राहिल्या. फ्रेम सुटली, फरशीवर पडली आणि काच तडकली.

“चल गं,” धनाजी दारातून म्हणाला. “ह्या मानसांस्नी काय सांगतीस.”

देवयानी घरी आली ती धुमसतच. बाजारात उभं राहायचं आणि कोणी बघायचं नाही, असं कसं चालेल? आपण खोटं काय दाखवलं? हे स्वतःला पटवायला म्हणून तिने लॅपटॉप उघडला आणि त्या दिवसाच्या सगळ्या फ्रेम काढल्या.

बक्षिसाच्या फोटोनंतरची चौथी फ्रेम. धनाजी पुढे आलेला, मायाक्काची हनुवटी धरून तिच्या डोळ्यात फुंकर घालतोय. डोळ्यात कुसळ गेलं होतं. ते पाणी कुसळाचं होतं. दोघंही लेन्सपासून सारख्याच अंतरावर असल्यामुळे दोघंही लख्ख आले होते, त्याच्या मिशांसकट. देवयानीने त्याच रात्री त्या फ्रेमवर नापसंतीची खूण केली होती. नवरा आला की गोष्ट संपते, असं तिला वाटलं होतं.

रविवारी ती एसटीने सांगोल्याला आणि तिथून वडाप जीपने, विचारत विचारत त्यांच्या वस्तीवर गेली. ओसरीत सोयरे बसले होते. मायाक्काने तिला बस म्हटलं नाही. देवयानीने उभ्यानेच सांगितलं, की कार्डावरचे शब्द माझे होते, बाईंना न विचारता लिहिले, ते खोटे होते. मग तिने पिशवीतून मोठा करून आणलेला, मागे आपला नंबर लिहिलेला तो चौथा फोटो सिद्धनाथच्या हातात दिला.

सिद्धनाथने तो उलटसुलट करून पाहिला. “पयला फोटू खोटा, आसं तूच म्हनतीस. मग ह्यो खरा कशावरनं?”

त्याने फोटो बाजूला ठेवला.

“आमी धनाजीला वळखतो की. त्येचं न्हाय काय. पर तू बोललीस चारचौघांत, पेपरात, आनि मिटवाय आलीस घरच्या ओसरीत. ह्ये चालायचं न्हाय. जितं बोललीस तितंच फिरून बोल. मग बगू.”

“आइकलंस?” मायाक्का म्हणाली. “आता जा. जीप हाय अजून.”

तिला कोणी पाणी विचारलं नाही. परतीच्या एसटीत तिच्या मनात सिद्धनाथबद्दल, त्या वस्तीबद्दल, कमलाकरांबद्दल इतकं कडू दाटून आलं की सोलापूर येईपर्यंत तिने दोनदा ठरवलं, काही करायचं नाही.

तिसऱ्या दिवशी तिने क्लबला पत्र दिलं. बक्षीस परत करते, फोटो काढून घ्या, कारण असं असं. तेच पत्र पेपरला पाठवलं. कमलाकरांचा लगेच फोन आला.

“स्वतःबरोबर क्लबचंही नाक कापलंस. रस्त्यावर फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला आता लोक काठ्या घेऊन विचारतील.”

“विचारू देत, सर.”

“मला सर म्हणू नकोस,” ते म्हणाले.

पत्र पाचव्या पानावर, जाहिरातीखाली, चार ओळींत छापून आलं. फोटो पहिल्या पानावर आला होता.

पंधरा दिवसांनी शाळेच्या मधल्या सुट्टीत अनोळखी नंबरवरून फोन आला.

“सोनमचं ठरलं,” मायाक्का म्हणाली.

देवयानीने डोळे मिटून घेतले. “फार बरं वाटलं, मावशी. खरंच. मी लग्नाला आले तर? कॅमेरा आणणार नाही. नुसतीच येईन.”

पलीकडे मेंढ्यांचा कालवा चालला होता. मायाक्का कोणावर तरी ओरडली, मग परत फोनशी आली.

“न्हाय. तू येऊ नगंस. ठरलं म्हनून कळवलं, येवडंच.”

आणि फोन ठेवला.