थोड्या वेळानं ये

राधाबाई त्या आरामखुर्चीत बसल्या, त्या उठायचं नावच घेईनात. प्रितीने दोनदा डोळ्यांनी खुणावलं. वस्तू घ्यायची असेल तर ती आवडल्याचं असं तोंडावर दाखवायचं नसतं, हे भाजीवालीपुढे आईला बरोबर कळायचं. इथे मात्र तिने दोन्ही हात खुर्चीच्या रुंद हातांवर सोडले होते, मान मागे टेकली होती आणि ती शांतपणे छताकडे बघत होती.

ठाकूरद्वारच्या वाडीतलं ते घर अर्धं रिकामं झालं होतं. तसबिरी काढलेल्या जागी भिंतीवर ताज्या रंगाचे चौकोन दिसत होते. इमारत पाडायची होती, आणि घरमालकीण मृणालिनीबाई नवी बांधून होईपर्यंत भावाकडे राहायला निघाल्या होत्या. त्यांनी मोबाइलवर सामानाचे फोटो टाकले होते. ते बघून प्रिती आली होती.

"ह्या घरात तुम्ही एकट्याच राहायच्या?" राधाबाईंनी खुर्चीतूनच विचारलं.

"हो. आई गेली त्यानंतर एकटीच."

"भीती नाय वाटायची?"

मृणालिनीबाई वर्तमानपत्राच्या कागदात कपबश्या गुंडाळत होत्या. त्यांनी हात थांबवून जरा विचार केला.

"सुरुवातीला वाटायची. नंतर उलटंच झालं. कोणी आलं की वाटायची, आता हे किती वेळ बसणार?"

राधाबाई हसल्या. तोंडाला पदर न लावता, मोठ्याने. प्रिती वळून बघत राहिली.

"आणि जेवायच्या कधी?"

"भूक लागली की."

"झोपायच्या?"

"झोप आली की. माझं काय, कोणाचा डबा नाही, कोणाची शिफ्ट नाही."

"झोप आली की," राधाबाई स्वतःशीच पुटपुटल्या आणि खुर्चीतून उठल्या.

खुर्ची घेतली. शिवाय एक लहानसं काचेचं कपाट मृणालिनीबाईंनी जवळजवळ फुकटातच दिलं. टेम्पोत सामान चढवून होईपर्यंत दोघी मायलेकी वाडीच्या तोंडाशी उभ्या होत्या.

"आई, असं कोणाला विचारतात का गं? जेवायच्या कधी, झोपायच्या कधी?"

"का? त्यांना राग आला?"

"नाही आला."

"मग झालं तर."

प्रिती टेम्पोतली दोरी नीट आवळली आहे का ते बघायला वळली. आई प्रत्येक रविवारी तिच्याबरोबर का येते, हे कोडं तिला अजून सुटलं नव्हतं.

पस्तिशी ओलांडलेली प्रिती परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये हिशेब बघायची. लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत ती, आईबाबा, भाऊ अजित, वहिनी सीमा आणि त्यांची दोन मुलं अशी सगळी राहायची. लग्नाचा विषय घरात काढून काढून सगळे थकले होते. मग गेल्या महिन्यात तिने परळला, भोईवाड्याच्या बाजूला, एका जुन्या इमारतीत खोली भाड्याने घेतली. चाळीपासून चालत जाण्याइतकी जवळ. त्यामुळे कोणालाच ते नीट समजेना. पुण्याला बदली झाली असती तर सगळ्यांनी पेढे वाटले असते.

अजितने "बरं केलंस तायडे" म्हणून पाठीवर थाप मारली. सीमाने त्याच संध्याकाळी प्रितीचा कपाटातला खण पुसून घेतला. बाबा, म्हणजे कोंडीराम, नको म्हणाले नाहीत. त्यांनी पेपरची घडी घातली आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यानंतर ते प्रितीशी सगळं बोलत, मॅचबद्दल, तिच्या ऑफिसबद्दल, शेजारच्या मयतीबद्दल. खोलीबद्दल मात्र एक अक्षर नाही. जणू मुलगी रोज कुठल्याशा रात्रपाळीला जात होती.

आणि आई? आई त्या दिवशी एवढंच म्हणाली होती, "सामान घ्यायला जाशील तेव्हा सांग. मी येते बघायला."

पहिल्या रविवारी प्रितीला वाटलं, आई समजूत घालायला येतेय. दादरला फुलबाजाराकडून आत शिरून दोघींनी बादल्या, पातेली, पडद्याचं कापड घेतलं, आणि संपूर्ण वेळ ती त्या वाक्याची वाट बघत राहिली. आईने ते काढलंच नाही. तिने पडद्याच्या दुकानात कापड हातभर लांब धरून उजेडाकडे नेलं आणि दुकानदाराला विचारलं, "बाहेरच्याला आतलं दिसणार नाय ना? आणि आतल्याला बाहेरचं?" मग दोघींनी एका हॉटेलात पियूष घेतलं. पेला रिकामा झाल्यावर राधाबाई खूप वेळ टेबलावरच्या पाण्याच्या डागावरून बोट फिरवत बसल्या. उठायची घाई नव्हती.

दुसऱ्या खेपेला वरळी कोळीवाड्यात गेल्या. रघुवीर नावाच्या तरुणाला लोखंडी कॉट काढायची होती. गल्ल्या इतक्या अरुंद की कॉटचे पाय सोडवून वेगवेगळे बाहेर आणावे लागणार होते. दोरीवर बोंबील सुकत होते, त्या वासाने राधाबाईंना गाव आठवला असावा, कारण त्या दोनदा थांबल्या. मग रघुवीरच्या दारात उभं राहून त्यांनी कॉटवर हात दाबून बघितला.

"ही एकट्याची होती?"

"हो मावशी. आता लग्न झालं ना," तो लाजत म्हणाला, "पुरत नाय."

"आणि आता झोप कशी लागते? पयल्यासारखी?"

आतून कोणीतरी, बहुधा त्याची बायको, फिस्सकन हसली. रघुवीरने पान्हा शोधायच्या निमित्ताने मान खाली घातली. प्रितीला वाटलं, जमीन दुभंगून आत जावं. पण परत येताना टॅक्सीत तीच हसायला लागली, आणि मग आईही.

एवढं सगळं होत होतं, पण आई कधी वर आली नाही.

दर वेळी टेम्पो भोईवाड्याच्या इमारतीशी थांबला की राधाबाई खाली उभ्या राहत. हमालांना कुठून वळवायचं ते सांगत, जिन्याच्या कठड्याला काही लागू नये म्हणून ओरडत. आणि सामान वर गेलं की म्हणत, "मी निघते. पोरांचं खाणंपिणं व्हायचंय."

"दोन मिनिटं चल ना गं. बघ तरी."

"बघीन. कुठं पळून जातंय घर."

प्रितीने एकदा वरच्या खिडकीतून पाहिलं होतं. आई लगेच गेली नव्हती. समोरच्या फुटपाथवर उभी राहून ती इमारतीकडे बघत होती, आणि प्रिती दिसल्याबरोबर चालायला लागली होती. बाबांनी शपथ घातली असेल, प्रितीला वाटलं. किंवा आईलाच आत खोल काहीतरी लागलं असेल, जे ती सामान बघत फिरताना विसरू पाहते. विचारायचं धाडस होत नव्हतं. चाळीत असताना असले प्रश्न विचारायला जागाच नव्हती, आणि आता जागा झाली होती तर सवय नव्हती.

खोली हळूहळू लागली. खिडकीशी खुर्ची, भिंतीला कॉट, काचेच्या कपाटात पुस्तकं, त्यावरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. पहिले काही दिवस प्रिती रात्री जागी व्हायची, कोणाच्याच घोरण्याचा आवाज नाही म्हणून. मग ते थांबलं.

एका शनिवारी सकाळी आईचा फोन आला.

"आज हाफ डे ना तुझा? दुपारी घरी आहेस?"

"आहे. का गं? काय झालं?"

"काय व्हायचंय? येते."

राधाबाई आल्या त्या हातात काही न घेता. डबा नाही, भाजी नाही, पिशवीसुद्धा नाही. प्रितीला आई अशी रिकाम्या हाताने कधी कुठे गेलेली आठवेना. इस्त्रीची साडी नेसली होती. तसबिरीपुढे हात जोडून त्यांनी चपला बाहेर नीट जोडीने ठेवल्या आहेत ना, ते पुन्हा वळून बघितलं. मग मोरीत डोकावल्या, ओट्यावर हात फिरवला, खिडकीतून खाली पाहिलं. मांडणीवरचे डबे बघून त्यांचे ओठ काही बोलायला हलले, पण त्यांनी ते मिटून घेतले.

"बोल की," प्रिती म्हणाली. "चुकीच्या ठिकाणी ठेवलेत ना?"

"तुझं घर आहे. तू ठेवशील तिथं."

"म्हणून येत नव्हतीस वर?"

"आधी तू राहा म्हटलं," राधाबाई खिडकीखाली जमिनीवरच बसत म्हणाल्या. "मी पहिल्याच दिवशी आले असते तर हे इथं ठेव, ते तिथं ठेव करत बसले असते. मग ते माझंच झालं असतं सगळं. चाळीतल्यासारखं."

प्रिती चहा टाकायला वळली. आधण येईपर्यंत तिने पाठ वळवूनच ठेवली.

"बाबांना काय सांगितलंस?"

"सांगितलं, प्रितीकडं चाललेय. तर विचारतात, कितव्या माळ्यावर आहे?"

"मग?"

"मग काय? सांगितलं, तिसऱ्या."

चहा झाला. कप विसळून झाले. राधाबाई गुडघ्याला मिठी घालून बसल्या होत्या. खालून भंगारवाल्याची आरोळी वर आली आणि पुढे निघून गेली.

"प्रिते, तुला बाहेर काय काम नाय?"

"नाही गं. आज मोकळीच आहे."

"असेल काहीतरी. आठव."

"नाही म्हटलं ना. तू आलीयस आणि मी कुठे जाऊ?"

राधाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"जाऊन ये ना जरा. मला इथं बसायचंय."

"बस की मग. मी काय म्हणतेय?"

"एकटीला."

प्रिती ओट्याला टेकून उभी राहिली. आईच्या चेहऱ्यावर ना राग होता ना दुःख. शाळेत पहिल्यांदा बाईंना काही मागायला गेलेल्या मुलीसारखी ती खाली बघत होती.

"मी कधी बसलेच नाय गो," ती म्हणाली. "माहेरी घर भरलेलं. लग्न करून आले ती त्याच खोलीत, तुझे आजीआजोबा, काका, आत्या, गावावरून कोण ना कोण आलेलं. मग तुम्ही. आजारी पडले तरी भोवती माणसं. चांगलीच होती सगळी, कोणाला नावं ठेवत नाय. पण घराचं दार लावून आत आपण एकटंच, ते कसं असतं, कधी बघितलंच नाय. त्या ठाकूरद्वारच्या बाई सांगत होत्या ना..." तिने वाक्य सोडून दिलं. "मला बघायचंय."

प्रितीने पर्स घेतली. चपला घातल्या. दारातून वळून म्हणाली, "पंख्याचं बटण दाराशी आहे. पाणी माठात."

"माहीत आहे. बघितलं मी."

दार मागे लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

प्रिती खाली उतरली आणि तिला कळेना, कुठे जायचं. ती स्टेशनच्या दिशेने चालत राहिली, एका दुकानात उगाच चादरी बघितल्या, टेलरकडे पडद्याची उरलेली झालर तयार आहे का विचारलं, ती नव्हती. सगळा वेळ मनात एकच चाललं होतं: आई काय करत असेल? झोपली असेल? रडत असेल? इकडून तिकडे फिरत असेल? जन्मभर आईला बघितलं, पण ते कायम कोणासाठी तरी काहीतरी करताना. कोणीच नसताना ती कशी दिसते, हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. आईला स्वतःलासुद्धा.

उन्हं कलल्यावर ती परत वर गेली. बेल दाबली.

आत हालचाल झाली नाही. मग आईचा आवाज आला, दाराजवळून नाही, खोलीच्या पार आतून.

"कोण?"

"मी आहे."

प्रितीने कान दिला. आवाजात झोप नव्हती, रडूही नव्हतं. तिला तो आवाज ओळखीचा वाटला आणि नाहीही.

"थोड्या वेळानं ये," आई म्हणाली.

प्रिती तशीच पायऱ्या उतरली. इमारतीच्या तोंडाशी येऊन बघते तर समोरच्या फुटपाथवर बाबा उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री, मान वर. बोट किंचित उचलून ते माळे मोजत होते. तिला बघून त्यांनी बोट खाली घेतलं.

"बाबा? तुम्ही इथे?"

"अजित-सीमा पोरांना घेऊन चौपाटीला गेलेत," ते म्हणाले. "घरात कोणीच नव्हतं. टीव्ही लावला, बंद केला. कसंतरीच व्हायला लागलं." त्यांनी घसा साफ केला. "आई वर आहे?"

"आहे."

"चल मग."

"आत्ता नाही बाबा. थोड्या वेळाने या म्हणाली."

कोंडीरामना ते समजलं नाही, हे दिसत होतं. "म्हणजे? तू इथं, ती तिथं. करते काय एकटी?"

"माहीत नाही," प्रिती म्हणाली. "खरंच माहीत नाही."

ते काही वेळ वर बघत राहिले. तिसऱ्या माळ्यावरचा पडदा ओढलेला होता. वाऱ्याने तो जरा हलला, किंवा आतून कोणी हलवला असेल. खालून सांगता येत नव्हतं. मग ते कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे वळले, बाकावर बसले आणि बाजूची जागा हाताने झटकून प्रितीकडे बघितलं. ती बसली. त्यांनी दोन कटिंग सांगितले.

"उजेड येतो का खोलीत?" त्यांनी विचारलं.

"येतो. दुपारनंतर भरपूर."

"आणि पाणी?"

"सकाळी."

त्यांनी मान हलवली. चहा आला. फुंकर घालता घालता त्यांची नजर पुन्हा त्या खिडकीकडे गेली, आणि प्रितीचीही. चहावाल्यानेही एकदा वर बघितलं, काय आहे म्हणून.

"हाक मारू का?" प्रितीने विचारलं. "अंधार पडेल."

"नको," कोंडीराम म्हणाले. त्यांनी छत्री गुडघ्यांमध्ये नीट उभी केली. "बसू दे तिला."