टेपच्या आवाजाखालची टकटक

मी बोलतोय. माझा आवाज तुम्ही याआधीही ऐकलाय. गाडी सुरू केली की बॉनेटखालून टक-टक-टक यायचं ना? तो मीच. तेव्हा तुम्ही टेपचा आवाज वाढवलात, म्हणून आपली ओळख राहून गेली.

मी एका जुन्या पिकअपच्या इंजिनातला कॅमशाफ्ट. गॅरेजात मला नुसतं ‘क्याम’ म्हणतात. ओतीव लोखंडाचा दांडा आणि त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे, एवढंच माझं रूप. मी फिरलो की ते उंचवटे आळीपाळीनं व्हॉल्व्ह उघडतात. हवा आत येते, धूर बाहेर जातो. थोडक्यात, इंजिनाला श्वास घ्यायला लावणं हे माझं काम. हे काम मी इतक्या मुकाट्यानं केलं की माझं नावही कुणाला माहीत नव्हतं. आणि तेच बरं होतं. इंजिनातल्या ज्या भागाचं नाव मालकाला कळतं, त्याचे दिवस भरत आले असं समजावं.

जन्म माझा भट्टीतला. मग तासून, घासून, आरशासारखा चकचकीत करून मला इंजिनात बसवलं. माझा पहिला मालक नगरच्या एमआयडीसीतला ठेकेदार होता. तो गाडीशी दोन शब्द बोलत नसे, पण ऑइल वेळच्या वेळी बदलत असे. दुसरा मालक गहिनीनाथ. याचं गाडीवर जिवापाड प्रेम. माझी झीज सुरू झाली ती इथून.

गहिनीनाथ घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात जनावरांची दलाली करायचा. बैलाचा जबडा उघडून वय सांगायचा, गाईच्या रवंथाच्या आवाजावरून तिचं पोट ओळखायचा. आणि त्याच्या घरात वडिलांपासून एक नेम होता. सौद्यासाठी उपरण्याखाली हात घालायच्या आधी जनावराची खोड स्वतःच्या तोंडानं सांगायची. ‘ही धारंला लाथ झाडती.’ ‘ह्यो पान्यात बसतो.’ उपरण्याआड एकमेकांची बोटं धरून ठरवायचा भाव मागाहून. त्यामुळे गिऱ्हाईक जनावर न्याहाळायच्या भानगडीत पडत नसे. गहिनीनाथचं तोंड बघायचं आणि सौदा करायचा.

गाडीलाही तो जनावरासारखंच वागवायचा. पोळ्याला बंपरला बैलांच्या शिंगांचा हिंगूळ लावायचा, आरशांना गोंडे बांधायचा आणि पुरणपोळीचा घास रेडिएटरच्या जाळीला चिकटवायचा. तो घास काढायला मुंग्या दोन दिवस राबत. दसऱ्याला झेंडूचा हार, अमावस्येला लिंबू-मिरची. ऑइल मात्र कधी बदललं नाही. कमी झालं की वरून ओतायचं. कुणी टोकलंच तर म्हणायचा, “आरं, कसं काळंभोर मुरलंय! असलं चांगलं काढून टाकू व्हय?” लोणच्याचा हिशेब त्यानं इंजिनाला लावला, आणि त्या मुरलेल्या काळ्या चिखलात माझे उंचवटे घासून सपाट होत गेले.

मग मी बोलायला लागलो. टक. टक. टक.

गहिनीनाथनं पहिल्या दिवशी कान टवकारले. दुसऱ्या दिवशी मिरच्यांची माळ बदलली. तिसऱ्या दिवशी टेपला मोठे स्पीकर बसवले. आवाज गेला, म्हणजे दुखणं गेलं. माणसांची ही वैद्यकी मला शेवटपर्यंत कळली नाही.

तरी त्यानं एकदा गाडी नगरला गनीभाईंकडे नेली. नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण गनीभाईंची रीत जुनीच आहे. दुखणं कुठेही असो, सुरुवात सोप्या कामापासून. त्यांनी फिल्टर बदलला, मग इंजेक्टर साफ केले, मग सायलेन्सरच सोडून परत आवळला. दर वेळी बॉनेटवर थाप मारून तेच वाक्य, “टेन्शन नका घेऊ, गहिनीभाऊ. मख्खन हाय गाडी!” मी आतून जिवाच्या आकांतानं टकटकत होतो. गनीभाई म्हणाले, “ह्या मॉडेलला एवढा आवाज असतोच.”

मग इमामपूरचा घाट आला. मागच्या हौदात म्हैस, समोर चढ, आणि माझा एक उंचवटा पार सपाट झालेला. व्हॉल्व्ह उघडेना. इंजिनाला हवाच मिळेना. भकभक करून गाडी चढावर थांबली. म्हशीनं मान वळवून आमच्याकडे असं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गहिनीनाथ खाली उतरून ढकलू लागला, आणि थोड्याच वेळात छातीवर हात धरून दगडावर बसला. चेहरा घामानं डबडबला होता.

बायको मुक्ताबाई केबिनमधून उतरून धावली. “अवं, काय व्हतंय?”

“काय न्हाई. पित्त हाय.”

“मागल्या बाजारी बी पित्तच हुतं!”

“मग आसंल की! पित्त काय एकदाच व्हतं?” असं म्हणून तो कसाबसा केबिनमध्ये चढला आणि टेप मोठा केला.

त्यानंतर मात्र गनीभाईंनी लांब पेचकस इंजिनाला टेकवून त्याच्या मुठीला कान लावला. बराच वेळ लावला. मग असा चेहरा केला की जणू त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. “मी म्हनलोच हुतो. क्याम गेलाय.”

आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव निघालं, तेही गेल्याचं.

“सगळं इंजन खोलावं लागंल,” गनीभाई म्हणाले. “न्हाईतर जाड ऑइल टाकू. एखादा बाजार तरी गाडी तोंड उघडनार न्हाई. तेवढ्यात इकून मोकळे व्हा.”

गहिनीनाथनं वर बघितलं, खाली बघितलं आणि मान डोलावली. मला काही वाटलं नाही म्हणणं खोटं होईल. फार वाईट वाटलं. ज्यानं उभ्या आयुष्यात बैलाची खोड लपवली नाही, तो माझ्या तोंडात बोळा कोंबायला तयार झाला होता.

शुक्रवारी आम्ही बाजारात उभे होतो. इंजिन चालू, पण जाड ऑइलनं माझी दातखीळ बसलेली आणि वर टेप जोरात. गिऱ्हाईक म्हणून आला भागवत, कडेला बायको मोनिका आणि तिच्या काखेत तान्हं पोर. घाटावरच्या वाड्यांचं दूध गोळा करून नगरला घालायचं, असा नवराबायकोचा बेत होता. सौदा व्हायच्या आधीच मोनिका पुढच्या सीटवर जाऊन बसली. पोरानं आरशाचा गोंडा ओढून तोंडात घातला.

“एक चक्कर मारून बघ,” गहिनीनाथ म्हणाला. म्हणाला खरा, पण ड्रायव्हरच्या दाराला पाठ टेकवून.

“चक्कर कशाला, मामा?” भागवतानं उपरणं पुढे केलं. “तुमी खोड सांगा, बास. तुमच्या तोंडचं हाय म्हनल्यावर आमाला दुसरं काय बघायचंय?”

दोघांचे हात उपरण्याखाली गेले. आणि गहिनीनाथ खोडी सांगू लागला.

“डावी काच खाली जात न्हाई.”

“चालंल.”

“वायपर अर्ध्यातनं म्हागारी येतो.”

“येऊ द्या.”

“हार्न दाबला की लवकर थांबत न्हाई. मागचं फळकूट खिळखिळं हाय. शीटखाली उंदरानं घर केलंय.”

बाप रे, काय तो खरेपणा! उंदरापर्यंत सगळ्यांची नावं निघाली, फक्त माझं निघेना. भागवत हसायला लागला. “एवढंच ना? मग धरा बोट!”

मी सारं बळ एकवटून टकटकायचा प्रयत्न केला. पण त्या चिकट ऑइलात आवाज उमटेना. आत पोर हसत होतं. मोनिका त्याला रस्ता दाखवत होती. “ह्याच गाडीनं जायचं बरं का आपुन, रोज घाट चढून.”

‘घाट’ शब्द कानी पडला आणि गहिनीनाथचा उपरण्याखालचा हात आखडला.  मग त्यानं खिडकीतून हात घालून टेप बंद केला, बॉनेट उघडलं आणि भागवताचा हात उपरण्यातून बाहेर ओढून चालू इंजिनाच्या झाकणावर ठेवला.

“कानानं न्हाई कळायचं, म्या बोळा घातलाय त्याला. हातानं ऐक.”

भागवताच्या तळहाताखाली मी ठोकत होतो. टक. टक. टक.

“क्याम गेलाय,” गहिनीनाथ म्हणाला. “चढावर दम तोडती. तुजं लेकरू घाटात अडकलं असतं, भागवता.”  शेजारचे चार दलाल त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. मरणाच्या दारात उभ्या असलेल्याला आपलं दुखणं कुणीतरी मोठ्यानं बोलल्याचा केवढा आधार असतो!

भागवतानं हात पुसला. “क्याम बदला, मामा. गाडी मीच नेनार.”

पुढचं सगळं गनीभाईंच्या गॅरेजात झालं. मला अलगद ओढून बाहेर काढलं, आणि माझे उंचवटे उजेडात पाहून गहिनीनाथ मान खाली घालून बसला. नव्या कॅमबरोबर त्याच्या उंचवट्यांना टेकून चालणारे टॅपेटही नवे घालावे लागतात. गहिनीनाथ म्हणाला, “जुने चांगले हायेत की!” गनीभाई म्हणाले, “जुन्या सासूबाई ठेवल्या, तर नवी सून म्हैनाभरात झिजंल.” मुक्ताबाई तेवढ्यापुरती खुदकन हसली आणि टॅपेट नवे आले.

नवा कॅम पहिल्यांदा फिरला की इंजिन मंद चालवायचं नाही, बंद तर मुळीच करायचं नाही. थोडा वेळ जोरातच ठेवावं लागतं, म्हणजे तेल सगळीकडे पोचतं. पण आमच्याकडे नवीन काही सुरू झालं की लगेच थांबवून ओवाळायचं असतं. गाडी सुरू होताच गहिनीनाथ नारळ घेऊन पुढे झाला. “गनीभाई, जरा बंद करा, नारळ फोडू द्या!”

“खबरदार!” गनीभाई ॲक्सिलरेटरवर पाय दाबून ओरडले. “बंद केली की नव्या क्यामची माती झाली समजा!”

अखेर इंजिनाच्या त्या गर्जनेतच मुक्ताबाईनं ओवाळलं. पंख्याच्या वाऱ्यानं निरांजन पुन्हा पुन्हा विझत होतं. शेवटी वैतागून तिनं कुंकवाचं बोट गनीभाईंच्या बुटालाच लावलं, कारण गाडी त्या पायावर जिवंत होती. गनीभाईंनीही पाय हलवला नाही.

भंगारात जाण्यातून मी वाचलो. गहिनीनाथनं मला घरी आणून गोठ्यात ठोकलं. आता मी खुंटा आहे. अंगावरचे उरलेसुरले उंचवटे दावं निसटू देत नाहीत. फिरणं संपलं, बोलणंही संपलं. म्हैस अंगाला अंग घासते, तेवढीच काय ती सोबत.

परवा सकाळी गहिनीनाथ चाऱ्याची पाटी घेऊन आला आणि माझ्याजवळच मटकन बसला. छातीवर हात, कपाळावर घाम. मला हे ओळखीचं होतं. मुक्ताबाई धार सोडून आली.

“पित्त हाय,” तो म्हणाला, आणि खिशातला मोबाईल काढून गाणी लावली.

मुक्ताबाईनं मोबाईल त्याच्या हातातून घेतला आणि बंद केला. “बाजारातल्या समद्या जनावरांची खोड सांगता. गाडीची बी सांगितली. आन तुमची कोन सांगायची?”

 तिनं त्याचा हात धरला आणि त्याच्याच छातीवर दाबून ठेवला.

“हातानं ऐका.”

 म्हैस रवंथ करायची थांबली. मग गहिनीनाथ अगदी हळू म्हणाला, “भागवताला फोन लाव. नगरला जाऊ.”

भागवताची पिकअप दारात आली आणि दोघांना घेऊन गेली. टेप बंद होता. मी कान लावून ऐकत राहिलो. इंजिनात कुठेही टकटक नव्हती. नवा गडी नीट श्वास देत होता. गाडीला घाट चढायचा होता, आणि मला इथे जागचं हलता येत नव्हतं.

ती दोघं अजून परतलेली नाहीत. म्हशीनं हिसका दिला की दावं ताणतं, मी घट्ट धरून ठेवतो. तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे, बाबांनो. गाणं जरा बारीक करा.